तांत्रिक प्रमाणपत्र अभ्यासक्रम : खर्च आणि मिळकत यांचा हिशेब
(चिकोडी–निपाणी सीमाभागाच्या संदर्भात)

प्रस्तावना

दहावीचा निकाल लागला की चिकोडी, निपाणी, संकेश्वर, हुक्केरी या भागातील अनेक घरांत एकच प्रश्न चर्चिला जातो. मुलाला पुढे काय शिकवावे? अभियांत्रिकीची पदवी आवाक्याबाहेर वाटते, नुसत्या बी.ए.ने नोकरी मिळेल याची खात्री वाटत नाही. अशा वेळी एक किंवा दोन वर्षांचा तांत्रिक प्रमाणपत्र अभ्यासक्रम हा मध्यम मार्ग म्हणून पुढे येतो. पालक संस्थेत येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, 'फी किती?' शिक्षक फी सांगतात, पालक मनाशी बेरीज करतात आणि प्रवेश होतो किंवा होत नाही.

या व्यवहारात एक मोठी उणीव राहून जाते. फी हा एकूण खर्चाचा लहान भाग असतो, आणि 'पास झाल्यावर पगार किती' या प्रश्नाचे उत्तर म्हणजेही खरी मिळकत नव्हे. खर्च कोणता मोजावा, मिळकत कशी मोजावी, आणि दोहोंची तुलना करून पालकांना योग्य सल्ला कसा द्यावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. यातील रुपयांचे हिशेब रीत समजावी म्हणून गृहीत धरलेले आहेत. ते कोणत्याही सर्वेक्षणाचे निष्कर्ष नाहीत. प्रत्येक शिक्षकाने त्या जागी आपल्या गावचे आकडे घालावेत, ही अपेक्षा आहे.

विचाराची पार्श्वभूमी

शिक्षणावरील खर्चाकडे गुंतवणूक म्हणून पाहण्याची दृष्टी नवी नाही. ॲडम स्मिथ यांनी १७७६ च्या आपल्या ग्रंथात कष्टाने कसब शिकलेल्या माणसाची तुलना महागड्या यंत्राशी केली होती. यंत्र झिजण्यापूर्वी त्याची किंमत नफ्यासह वसूल व्हावी लागते, तसेच शिक्षणाचेही आहे, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६१ मध्ये आणि गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये 'मानवी भांडवल' या संकल्पनेची शास्त्रीय मांडणी केली. शिकण्याच्या काळात बुडालेली मजुरी हा शिक्षणाचा खर्चच आहे, ही गोष्ट त्यांच्या मांडणीमुळे ठळकपणे पुढे आली.

भारतात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली आणि शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ मध्ये झाला. सामुदायिक महाविद्यालयाची कल्पना १९९५ मध्ये पाँडिचेरी येथे प्रथम रुजली, आणि पुढे बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने तिला योजनेचे रूप दिले. इतका काळ लोटूनही २०२३-२४ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत १५ ते २९ वयोगटातील केवळ ४.४ टक्के युवकांनी औपचारिक व्यावसायिक प्रशिक्षण घेतल्याचे नमूद आहे. सुमारे १६.६ टक्के युवक अनौपचारिक मार्गाने, म्हणजे घरी, दुकानात किंवा उस्तादाच्या हाताखाली शिकलेले होते. आपल्या अभ्यासक्रमाची खरी स्पर्धा या दुसऱ्या मार्गाशी आहे, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

परिसराचे अर्थकारण

निपाणी ही तंबाखू आणि बिडीची पेठ. पूर्वी चिकोडी तालुक्यात असलेले हे गाव आता स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण आहे. वखारीतील काम आणि घरोघरी बिड्या वळणे यांवर अनेक कुटुंबे जगत आली. भोवतालच्या गावांत ऊस आणि साखर कारखाने आहेत. दक्षिणेस बेळगावी शहरात फौंड्री आणि यंत्रभागांचे कारखाने असून हत्तरगी येथे विमानांचे सुटे भाग तयार करणारी औद्योगिक वसाहत आहे. उत्तरेस कागल, गोकुळ शिरगाव आणि शिरोली या महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहती आहेत. निपाणीहून बेळगावीपेक्षा कोल्हापूर जवळ आहे. त्यामुळे येथील प्रशिक्षणार्थ्याचा रोजगाराचा बाजार दोन राज्यांत विभागलेला आहे, आणि हिशेब करताना हे वास्तव सोडून चालत नाही.

खर्चाची बाजू

विद्यार्थ्याच्या दृष्टीने खर्चाचे दोन भाग पडतात. पहिला प्रत्यक्ष खर्च. त्यात प्रवेश व परीक्षा शुल्क, पुस्तके, गणवेश, हत्यारे आणि बसभाडे येते. दुसरा संधी-खर्च, म्हणजे अभ्यासक्रमात गुंतल्यामुळे जी मजुरी मिळवता आली नाही ती.

एक उदाहरण घेऊ. एक विद्यार्थी दोन वर्षांच्या फिटर अभ्यासक्रमास प्रवेश घेतो. शुल्क वर्षाला १२,००० रुपये, साहित्य व गणवेश ४,००० आणि प्रवास ६,००० धरल्यास प्रत्यक्ष खर्च वर्षाला २२,००० रुपये होतो. हाच मुलगा वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागला असता तर दरमहा ८,००० प्रमाणे दहा महिन्यांचे ८०,००० रुपये मिळाले असते. सुट्टीत तो १५,००० मिळवू शकतो असे मानले, तर वर्षाची बुडालेली मजुरी ६५,००० रुपये. दोन्ही मिळून वर्षाचा खर्च ८७,००० आणि दोन वर्षांचा १,७४,००० रुपये होतो. यात शुल्क आहे फक्त २४,०००, म्हणजे सुमारे सातवा हिस्सा.

या बेरजेत जेवणखाण धरलेले नाही, कारण मुलगा शिकला काय आणि कामाला गेला काय, ते लागणारच. मात्र वसतिगृहात राहावे लागल्यास घरापेक्षा जो जादा खर्च होईल तेवढा धरावा.

मुलींच्या बाबतीत संधी-खर्च अनेकदा शून्य मानला जातो. ही चूक आहे. बिडीची मजुरी हजारी मोजली जाते आणि आईच्या नावावर वळलेल्या हजार बिड्यांत मुलीच्या हातचा वाटा असतो. मुलगी सकाळी बाहेर पडली की हजारी कमी भरते. धाकट्या भावंडांचा सांभाळ कोणी करायचा हाही प्रश्न उभा राहतो. शिक्षकाने हे आईला विचारून नोंदवावे. मुलगी अभ्यासक्रम अर्धवट सोडते तेव्हा त्याचे कारण कित्येकदा या न मोजलेल्या खर्चात सापडते.

प्रवासाच्या बाबतीत सीमेचा परिणाम थेट दिसतो. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून राज्यातील महिलांना साध्या सरकारी बसचा प्रवास विनामूल्य झाला. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एस.टी.च्या तिकिटात महिलांना ५० टक्के सवलत मिळू लागली. चिकोडीची मुलगी निपाणीला शिकायला गेली तर बसभाड्याचा रकाना कोरा राहतो. तीच कोल्हापूरला गेली तर हद्दीपलीकडच्या टप्प्याचे पैसे मोजावे लागतात. शुल्क समान असलेल्या दोन संस्थांत एवढ्यानेही फरक पडतो.

मिळकतीची बाजू

प्रमाणपत्रामुळे मिळणारी मिळकत म्हणजे पूर्ण पगार नव्हे. प्रमाणपत्र असताना मिळणारे उत्पन्न आणि ते नसताना मिळाले असते ते उत्पन्न, यांतील फरक म्हणजे मिळकत. हेल्परही तीन वर्षे एका जागी बसून राहत नाही. तो पाहून शिकतो आणि त्याचीही मजुरी वाढते.

वरील उदाहरण पुढे नेऊ. तिसरे वर्ष शिकाऊ उमेदवारीचे धरू. २०१९ च्या सुधारित नियमांनी उमेदवारांचे किमान विद्यावेतन शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरवले होते. येथे ७,००० धरले तर वर्षाचे ८४,००० होतात. त्या वर्षी हेल्परला ९०,००० मिळत असतील, तर आणखी ६,००० रुपयांची तूट खर्चात मिळवावी लागते. एकूण खर्च १,८०,००० झाला. चौथ्या वर्षापासून प्रमाणपत्रधारक फिटरला दरमहा १३,००० प्रमाणे वर्षाला १,५६,००० आणि अनुभवी हेल्परला १,०८,००० मिळतात असे मानू. फरक ४८,००० रुपये. म्हणजे नोकरी लागल्यापासून पावणेचार वर्षांनी खर्च भरून निघेल, आणि त्यानंतर उरेल तो लाभ.

पगाराव्यतिरिक्त मिळणाऱ्या गोष्टीही मोजाव्यात. नोंदणीकृत कारखान्यात भविष्यनिर्वाह निधीत मालकाचा वाटा जमा होतो आणि राज्य विमा योजनेतून कुटुंबाला औषधोपचार मिळतात. गॅरेजमधील रोजंदारीवर हे सहसा मिळत नाही. दुसरे म्हणजे दोन वर्षांचा आय.टी.आय. अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची वाट खुली असते. ही वाट प्रत्यक्षात किती जण चालले, याची नोंद ठेवली तरच तिची किंमत सांगता येते.

याउलट काम बारमाही नसेल तर मिळकत झपाट्याने घटते. साखर कारखान्यात हंगामी म्हणून लागलेल्या फिटरला १३,००० रुपयांनी नऊच महिने काम मिळाले, तर वर्षाचे १,१७,००० होतात. हेल्परपेक्षा फरक उरतो फक्त ९,००० रुपयांचा. म्हणून 'पगार किती' याच्या जोडीने 'वर्षातून किती महिने' हे विचारणे आवश्यक आहे.

काळ आणि व्याज

आज खर्च झालेला रुपया आणि सहा वर्षांनी मिळणारा रुपया यांची किंमत सारखी नसते. द.सा.द.शे. १२ व्याजाने आजचे १०० रुपये पुढच्या वर्षी ११२ होतात. म्हणून पुढच्या वर्षीच्या ११२ रुपयांची आजची किंमत १०० धरावी लागते. प्रत्येक वर्षाचा खर्च व मिळकत अशा रीतीने आजच्या किमतीत आणणे, याला वर्तमान मूल्य काढणे म्हणतात.

आपल्या उदाहरणात नोकरीची पहिली दहा वर्षे धरली आणि व्याजदर १२ टक्के घेतला, तर खर्चाचे वर्तमान मूल्य सुमारे १,५१,००० आणि मिळकतीचे सुमारे १,९३,००० येते. निव्वळ लाभ सुमारे ४२,००० रुपये. आता समजा, कुटुंबाने तोच खर्च शेकडा दरमहा दोन रुपये व्याजाच्या कर्जातून भागवला. व्याजदर वर्षाला २४ टक्के झाला. खर्चाचे वर्तमान मूल्य सुमारे १,३०,००० आणि मिळकतीचे केवळ ९३,००० येते. म्हणजे सुमारे ३७,००० रुपयांचा तोटा.

अभ्यासक्रम तोच, विद्यार्थी तोच, पगारही तोच. फरक फक्त कर्जाचा. हा मुद्दा पुस्तकी नाही. लहान कर्जांच्या सक्तीच्या वसुलीने हैराण झालेल्या कुटुंबांसाठी कर्नाटक शासनाला फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यादेश काढावा लागला. ज्या घरावर असे कर्ज आहे, तेथे 'दोन वर्षे कळ सोसा, पुढे चांगले दिवस येतील' हा सल्ला हिशेब न करता देणे योग्य ठरत नाही.

अशा कुटुंबाला लहान अभ्यासक्रम अधिक सोयीचा ठरू शकतो. एक वर्षाच्या वेल्डर अभ्यासक्रमाचा खर्च ८७,००० आणि त्यानंतर थेट काम मिळून हेल्परपेक्षा वर्षाला २४,००० रुपये अधिक मिळतात असे धरू. १२ टक्के व्याजाने दहा वर्षांचा निव्वळ लाभ सुमारे ४३,००० येतो, म्हणजे फिटरच्या जवळपास तितकाच. २४ टक्के व्याजाने तो जेमतेम हजार रुपये उरतो, पण तोटा होत नाही. वरकरणी कमी पगाराचा अभ्यासक्रम कर्जबाजारी घराला अधिक सुरक्षित आहे, हे अशा तुलनेशिवाय कळत नाही.

यशाची शक्यता

वरील सर्व हिशेब उत्तीर्ण होऊन त्याच व्यवसायात काम मिळालेल्या विद्यार्थ्याचा आहे. परंतु प्रवेश घेणारा प्रत्येक जण तेथवर पोहोचत नाही. समजा, १०० पैकी ७० उत्तीर्ण झाले आणि त्यांपैकी ५० जणांना फिटरचे काम मिळाले. उरलेले हेल्परच्याच मजुरीवर राहिले. मग प्रवेशाच्या दिवशी एका विद्यार्थ्याची सरासरी अपेक्षित मिळकत ४८,००० नसून २४,००० ठरते. १२ टक्के व्याजाने तिचे वर्तमान मूल्य सुमारे ९६,५०० येते, जे खर्चापेक्षा पुष्कळ कमी आहे. मध्येच सोडून गेलेल्यांचा खर्च थोडा कमी असतो, हे जमेस धरले तरी निष्कर्ष बदलत नाही. या उदाहरणात खर्च भरून निघण्यासाठी १०० पैकी सुमारे ७९ जणांना त्या व्यवसायात काम मिळावे लागते.

यातून शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. अभ्यासक्रम फायद्याचा की तोट्याचा, हे बाजारातील पगाराइतकेच संस्थेतील गळती थांबवण्यावर अवलंबून असते. गणितात कच्चा असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या तीन महिन्यांत दिलेली जादा शिकवणी ही त्याच्या कुटुंबाची गुंतवणूक वाचवण्याची कृती असते.

संस्थेचा खर्चही याच दृष्टीने पाहावा. २० जागांच्या तुकडीवर संस्था वर्षाला ६ लाख, म्हणजे दोन वर्षांत १२ लाख रुपये खर्च करत असेल, तर प्रवेशितामागे ६०,००० रुपये पडतात. त्यांतील १४ जणच उत्तीर्ण झाले तर उत्तीर्णामागे खर्च सुमारे ८५,७०० होतो. देणगीदारांना अहवाल देताना हा दुसरा आकडा द्यावा.

सीमाभागातील विशेष बाबी

पहिली बाब प्रमाणपत्राच्या मान्यतेची. राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र देशभर चालते. राज्यस्तरीय किंवा खाजगी संस्थेच्या प्रमाणपत्राला दुसऱ्या राज्यात तसे वजन असेलच असे नाही. ज्या विद्यार्थ्याचा निम्मा बाजार कागल–कोल्हापुरात आहे, त्याने प्रवेशापूर्वीच संलग्नता तपासून घ्यावी.

दुसरी बाब भाषेची. घरी उर्दू किंवा मराठी, शाळेत मराठी किंवा कन्नड, यंत्रावरील सूचना इंग्रजी, आणि बेंगळुरूत काम मिळाले तर वरिष्ठांची भाषा कन्नड. कार्यशाळेतील हत्यारांची व सुरक्षेची शब्दावली या भाषांत शिकवण्यास फारसा खर्च येत नाही, पण नोकरीचे क्षेत्र त्यामुळे विस्तारते.

तिसरी बाब वेतनाची. किमान वेतनाचे दर दोन्ही राज्यांत वेगवेगळे ठरतात. पलीकडे पगार जास्त दिसला तरी खोलीभाडे, खानावळ आणि येण्याजाण्याचा खर्च वजा करूनच तुलना करावी.

चौथी बाब प्रवेशपात्रतेची. सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ च्या अहवालात आय.टी.आय. प्रवेशाची पात्रता आठवीपर्यंत खाली आणावी आणि स्वयंरोजगार करणाऱ्यांच्या गरजा अभ्यासक्रमात याव्यात, अशी शिफारस केली होती. या शिफारशीमागे दहावीपूर्वीच शाळा सुटलेल्या मुलांचे वास्तव होते. गॅरेजमध्ये आधीच काम करणाऱ्या अशा मुलांसाठी पूर्वज्ञानाला मान्यता देऊन अल्प काळात प्रमाणपत्र देण्याची सोय अधिक उपयुक्त आहे. त्यात मजुरी जवळजवळ बुडत नाही. स्वतःचे दुकान काढू पाहणाऱ्याने मात्र हत्यारांचे भांडवल आणि स्वतःची मजुरी, दोन्ही खर्चात धरावी. गल्ल्यात आलेला सगळा पैसा नफा नसतो.

शिक्षकांनी करावयाचे काम

प्रवेशापूर्वी पालकांसमवेत बसून पुढील सात गोष्टी एका कागदावर लिहाव्यात.

१. शुल्क, साहित्य आणि प्रवास मिळून वर्षाचा प्रत्यक्ष खर्च.
२. विद्यार्थी आज काय मिळवतो किंवा मिळवू शकला असता.
३. पैसा कोठून येणार आणि त्यावर व्याज किती. बिडी कामगारांच्या मुलांसाठी असलेल्या केंद्रीय शिष्यवृत्तीचा अर्ज केला आहे काय.
४. मागील तीन तुकड्यांत प्रवेश किती, उत्तीर्ण किती.
५. त्यांपैकी किती जण त्याच व्यवसायात आहेत, आणि वर्षातून किती महिने काम मिळते.
६. त्यांना आज हातात किती पगार मिळतो.
७. याच वयाच्या, प्रमाणपत्र नसलेल्या कामगाराला किती मिळते.

चौथ्या ते सहाव्या प्रश्नांची उत्तरे संस्थेच्या नोंदवहीतूनच येऊ शकतात. त्यासाठी प्रत्येक माजी विद्यार्थ्याशी सहा महिन्यांनी, एक वर्षाने आणि तीन वर्षांनी संपर्क साधावा. जे सापडत नाहीत त्यांना आकडेवारीतून वगळू नये. त्यांना वगळले की यशाचे प्रमाण फुगते. नेमणूकपत्र मिळाले ही नोंदही अपुरी आहे. वर्षानंतर विद्यार्थी त्या जागी टिकला काय, हे पाहावे.

समारोप

शिक्षणाचे मोल केवळ रुपयांत होत नाही, हे खरेच. कारागिराला मिळणारा मान, स्वतःच्या हातावरचा विश्वास आणि पुढच्या पिढीचे शिक्षण यांना किंमत लावता येत नाही. पण ज्या घराला दोन वर्षांची मजुरी सोडून मुलाला पाठवायचे आहे, त्या घराला रुपयांचा हिशेब टाळता येत नाही, आणि तो हिशेब मांडून देणारा दुसरा कोणी त्याच्याजवळ नसतो. हिशेब जमेचा निघाला तर पालक पहिल्या वर्षीच्या ओढाताणीत डगमगत नाहीत. तो तोट्याचा निघाला तर लहान अभ्यासक्रम, शिष्यवृत्ती किंवा काम करत शिकण्याचा मार्ग वेळीच शोधता येतो. सलग तीन तुकड्यांचा हिशेब तोट्याचा येत असेल, तर त्या अभ्यासक्रमाची पुढील जाहिरात देण्यापूर्वी संस्थेने तो बदलण्याचा किंवा बंद करण्याचा निर्णय घ्यावा.